कुंडीतील जास्वंदीचे आजार: आधी पान पाहा, मग मूळ

सोलापुरात गच्चीवर किंवा खिडकीत जास्वंदीची एखादी कुंडी नाही असे घर कमीच, कारण गणपतीला वाहायचे लाल फूल घरचे असावे अशी अनेकांची इच्छा असते. झाडाचे पान पिवळे पडले की आपण लगेच औषध शोधू लागतो; परंतु नेमके कोणते पान पिवळे पडले आहे, हे आधी पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते.

शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर झाडाला लोह कमी पडत आहे असे समजावे. आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते, त्यात बोअरच्या जड पाण्याची भर पडते, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी बुरशीनाशक फवारून काहीही साधत नाही. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह, आणून पाकिटावरील प्रमाणात द्यावे. मातीतून द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकारचेच मागावे, कारण चुनखडीच्या मातीत ईडीटीए प्रकार फार टिकत नाही. नवी फूट हिरवी आली की उपाय लागू पडला असे मानावे.

याउलट खालची पाने पिवळी होऊन गळत असतील आणि माती ओली असूनही झाड मान टाकत असेल, तर मूळकुजीचा संशय घ्यावा. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने, पाण्याच्या दिवशी साऱ्या कुंड्या काठोकाठ भरून ठेवण्याची आपल्याला सवय लागते. त्याच सवयीने माझी एक बहरलेली जास्वंद गेली, आणि त्याची हळहळ अजूनही वाटते. शंका आल्यास झाड मातीच्या गोळ्यासह अलगद बाहेर काढावे. निरोगी मूळ पांढरट व टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी होते, त्याला आंबूस वास येतो आणि चिमटीत धरून ओढताच वरची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने कापून पोयटा माती, चाळलेले शेणखत आणि जाड वाळू यांच्या मिश्रणात झाड पुन्हा लावावे. लावल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला 2.5 ग्रॅम या प्रमाणात मिसळून एकदा आळवणी करावी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतावे. ट्रायकोडर्मा द्यायचा असल्यास पंधरा दिवस थांबावे, कारण रासायनिक बुरशीनाशकापुढे त्या उपयुक्त बुरशीचा निभाव लागत नाही.

फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात काळी माती आकसते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या छिद्राने निघून जाते. वरची माती ओली दिसते, मुळांचा गोळा मात्र कोरडाच राहतो आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. माती हलक्या हाताने भुसभुशीत करून फट बुजवावी आणि कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी.

कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण होत. त्यांच्या चिकट स्रावावर कोळशी ही काजळीसारखी काळी बुरशी वाढते, त्यामुळे नुसती काजळी पुसून उपयोग नाही. जास्त वेढलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून, आठवड्याच्या अंतराने तीनदा, पानांच्या मागच्या बाजूनेही फवारावे. फवारणी सायंकाळीच करावी; चाळीस अंशांच्या उन्हात तेलाने पाने करपतात. खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसत असेल तर तीही थांबवावी, कारण त्या स्रावासाठी मुंग्या या किडींना जपतात.

पानांवरील तुरळक तपकिरी ठिपक्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. डागाळलेली पाने खुडावीत, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे आणि कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेले नवे झाड मात्र निदान पंधरा दिवस इतरांपासून दूर ठेवावे, आणि या काळात त्याच्या पानांची मागची बाजू एक दिवसाआड पाहावी.