चिनी वैद्यकाचा आहार आणि पाकिटातलं खाणं : या चुका टाळा

पोट सतत फुगलेलं, दुपारी सुस्ती, तोंड आलेलं, वजनाचा काटा वर. अशा वेळी हल्ली बरेच जण चिनी वैद्यकातले खाण्याचे नियम वाचतात आणि मनापासून पाळायला लागतात. कोमट पाणी सुरू होतं, ग्रीन टी येतो, गोजी बेरीचा (लहान लाल चिनी सुक्या फळांचा) डबा येतो. महिन्याने पाहावं तर तक्रारी जशाच्या तशा, कारण बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, सॉस आणि फरसाण यांतलं काहीच ताटातून गेलेलं नसतं. ते नियम मुळात घरी शिजवण्याचे, वेळेवर आणि सावकाश जेवण्याचे आहेत. पाकिटात भरून ते विकत मिळत नाहीत.

'प्लीहा अशक्त आहे' हे शब्दशः घेणं

चिनी वैद्यकात पचनाचा कारभार 'पी' आणि 'वेइ' या जोडीकडे असतो. 'वेइ' म्हणजे जठर. 'पी'चं भाषांतर प्लीहा असं केलं जातं आणि ते वाचून घाबरलेला माणूस थेट सोनोग्राफी करून येतो. रिपोर्ट नॉर्मल येतो. 'पी' म्हणजे खाल्लेलं पचवून त्याचं बळ करणारी शक्ती. आपल्याकडे 'अग्नी मंद झालाय' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे, जरी दोन्ही शास्त्रं वेगळी असली तरी.

ली दोंगयुआन (११८०–१२५१) या वैद्यांनी पी-वेइवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. १२३२ मध्ये मंगोलांनी काइफंग शहराला वेढा घातला. तो उठल्यावर शहरात माणसं भराभर मरू लागली. इतर वैद्य बाहेरून लागलेल्या थंडीचा आजार समजून औषधं देत होते. ली यांचं निदान वेगळं होतं: वेढ्यातली उपासमार, दगदग आणि धास्ती यांनी लोकांची पचनशक्ती आधीच खचली होती, आणि सुटका होताच त्यांनी एकदम पोट भरून खाल्लं. अवेळी खाणं, दगदग, काळजी ही त्यांची कारणं मला आजच्या नोकरदाराच्या दिवसाला तंतोतंत लागू वाटतात. रात्री साडेदहाचं जेवण साडेआठला आणा, ऑनलाइन मिळणाऱ्या औषधी पावडरीचं नंतर बघू.

गोड-तेलकट तसंच ठेवून वर काढा पिणं

'ह्वांगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात एक फार मोलाची नोंद आहे. स्निग्ध खाण्याने आत उष्णता साठते, गोड खाण्याने पोटात तुंबतं आणि पुढे त्यातून 'शियाओख' होतो, असं तिथे म्हटलंय. शियाओख म्हणजे अखंड तहान आणि झीज. हे वर्णन मधुमेहाशी जुळतं. तेव्हा हा श्रीमंतांच्या पंगतीचा रोग होता. आज तीच चरबी आणि तीच साखर दहा रुपयांच्या पुडीत मिळते.

चिनी घरांत 'सात हिस्से पोट भरलं की थांबा' असं सांगतात. पाकिटातल्या खाण्यावर हा नियम का चालत नाही, याचं उत्तर २०१९ च्या एका प्रयोगात सापडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, मीठ, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या खाण्याच्या काळात लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. ते खातही भराभर होते. मऊ, न चावता उतरणारं अन्न पोटाची सूचना येण्याआधीच संपतं. त्यामुळे सात हिस्से मोजायचे असतील तर आधी चावावं लागेल असं जेवण हवं: भाकरी, उसळ, भरपूर भाजी.

'थंड' म्हणजे फ्रिजमधलं समजणं

चिनी वैद्यकातला थंड-उष्णपणा पदार्थाच्या गुणाचा असतो, तापमानाचा नाही. उन्हाळ्यात तिथे मुगाचं पाणी उकळून पितात, तरी ते 'थंड'च. खेकडा थंड गुणाचा, म्हणून त्याच्या जोडीला आलं आणि कोमट तांदळाची दारू. आपले तक्ते मात्र तिथे लावू नका. आपल्या घरात उष्ण ठरलेलं वांगं चिनी यादीत थंडाकडे झुकतं.

यातली सगळ्यांत महाग चूक म्हणजे डबाबंद 'ल्यांगछा'. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांताच्या दमट उन्हाळ्यात वनस्पती उकळून केलेला हा कडवट काढा २००६ मध्ये चीनच्या अमूर्त वारसा यादीत गेला. डब्यातला ल्यांगछा मात्र गोड असतो. बऱ्याच डब्यांवर घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच साखरच दिसेल. उष्णता उतरवायला तो पिणं म्हणजे आगीत तेल.

मिठाचा हिशेब न करणं

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. आकडा १०० ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, हे आधी पाहा. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, जवळजवळ अर्धा दिवस तिथेच संपला. नूडल्स खायच्याच असतील तर मसाल्याची पुडी अर्धीच टाका. आणि गाडीवरचं मंचुरियन हे चिनी खाणं नव्हेच. ते १९७५ मध्ये मुंबईत नेल्सन वांग यांनी तयार केलं.

पारंपरिक म्हणजे निर्धोक मानणं

कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चिनी पद्धतीची खारवलेली मासळी पहिल्या गटात ठेवली आहे, म्हणजे कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. (हे वर्गीकरण त्या पद्धतीपुरतंच आहे.) २०१५ मध्ये सॉसेज, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांसही त्याच गटात गेलं. ६५ अंश सेल्सियसहून गरम पेयांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. तेव्हा गरम पाणी प्या, पण वाफाळतं नको.

पांढऱ्या तांदळाची पेज, चिनी 'झोउ', आजारपणात उत्तम. मधुमेह असेल तर मात्र ती रोजची न्याहारी करू नका. खूप शिजलेला तांदूळ साखर झपाट्याने वाढवतो. घ्यायचीच तर वाटीभर, सोबत अंडं किंवा मुगाची डाळ आणि भाजी.

ऑनलाइन पावडर, आणि दुखण्याला 'उष्णता' म्हणून सोडणं

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरीच मुळी गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. पावडर केल्यावर मुळी ओळखता येत नाही. निरुपद्रवी वाटणारं ज्येष्ठमधही रोज जास्त घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तळलेलं जास्त झालं, तोंड आलं, घसा दुखला की चिनी माणूस म्हणतो 'शांगह्वो' झालं. आपण म्हणतो उष्णता झाली. चार-आठ दिवसांत बरं होत असेल तर ठीक. पण तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तीन आठवडेही थांबू नका.