कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढायला पिकअप घेताय? आधी पेलोड बघा
जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि बहुतेक जण तिथेच भुलतात. पण हेवी-ड्युटी पिकअपमध्येही आधी संपतो तो बहुधा पेलोड, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन झेलू शकते ते. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर नेमक्या त्या गाडीचा पेलोड लिहिलेला असतो. माहितीपत्रकापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

मागच्या हुकला जोडायच्या कॅम्परचं साधारण 10 ते 15 टक्के वजन पिकअपवर येतं, पुढचा भाग हौद्यात टेकणाऱ्या फिफ्थ-व्हील कॅम्परचं 15 ते 25 टक्के. 5,000 किलोच्या फिफ्थ-व्हीलला 20 टक्के धरले तरी 1,000 किलो तिथेच गेले. वर माणसं, सामान आणि खुद्द हिचचं, म्हणजे कॅम्पर जोडायच्या सांध्याचं, वजन. कॅम्परही रिकामा नव्हे, कमाल भरलेला धरा. टाकीतलं 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो!

डिझेल इंजिन चढावर सुरेख ओढतं, उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणाऱ्या ब्रेकचा, मोठा आधार असतो. मात्र ते जड असतं, त्यामुळे त्याच मॉडेलचा पेलोड बऱ्याचदा घटतो. म्हणून शक्य असेल तर कॅम्पर आधी ठरवा, पिकअप नंतर.