गावात बसून आयईएलटीएसच्या लिसनिंगची तयारी

परदेशात नर्सिंगची नोकरी करायची असो, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर बाहेर पुढचं शिकायचं असो, की राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी तिकडच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हवं असो, बहुतेकांची गाडी आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेपाशी येऊन थांबते. मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरापोरींना रीडिंग जमतं, व्याकरणही बरं असतं. अडतं ते लिसनिंगला, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायच्या पेपरला, कारण इंग्रजी सगळी पुस्तकातून आलेली असते. शब्द पाठ असतो, पण कानावर पडला की ओळखू येत नाही.

मग सुरू होतं पेपरवर पेपर सोडवणं. पेपर लावला, उत्तरं तपासली, ४० पैकी २२ आले, जीव खट्टू झाला, उद्या दुसरा पेपर. असे चाळीस पेपर केले तरी आकडा २२-२३ वरच घुटमळतो. पेपर आठवड्याला एकच पुरे. बाकीचे दिवस त्याच पेपरची चिरफाड करण्यात घालवायचे, सुधारणा तिथेच होते.

आधी परीक्षेचा साचा बघून घ्या. चार भाग, प्रत्येकी १० प्रश्न, एकूण ४०. रेकॉर्डिंग साधारण ३० मिनिटांचं आणि ते एकदाच वाजतं. पहिल्या भागात दोन माणसांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं: खोली भाड्याने घेणं, क्लासला नाव नोंदवणं. दुसऱ्यात एकच माणूस माहिती सांगतो, तिसऱ्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक चर्चा करतात, चौथ्यात व्याख्यान असतं आणि त्याच्या मध्ये थांबा नसतो. परीक्षेचे प्रकार दोन, ॲकॅडमिक आणि जनरल; दोन्हींना लिसनिंगचा पेपर सारखाच. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडायची नाही. निकाल ९ पैकी बँडमध्ये देतात: ४० पैकी साधारण १६ ला ५ बँड, २३ ला ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८ असा हिशेब आहे. म्हणजे ६ वरून ७ वर जायला सात उत्तरं वाढवायची आहेत. त्यातली बरीचशी ऐकूही आलेली असतात. ती जातात स्पेलिंगमध्ये, अनेकवचनाच्या शेवटच्या एसमध्ये आणि शब्दमर्यादेत.

सामान फार लागत नाही. वायरवाला साधा इअरफोन, वही, पेन्सिल, आणि मोबाईलमध्ये व्हीएलसी ॲप, कारण त्यात ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. ऑनलाइन ऐकण्याच्या भानगडीत पडू नका. तालुक्याला अभ्यासिकेत किंवा कॉलेजात वायफाय मिळेल तेव्हा फाईली उतरवून घ्या. साध्या एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे १ एमबी लागतो, म्हणजे अख्खा पेपर ३० एमबीत बसतो. ऐकताना फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज गेली, लाइन गेली तरी अडत नाही आणि मध्येच कोणाचा फोनही येत नाही.

साहित्य निवडताना एकच अट पाळा: सोबत लिखित मजकूर हवाच. मजकुराशिवाय चिरफाड होत नाही. आयईएलटीएसच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न फुकट आहेत. केंब्रिजच्या प्रश्नपत्रिकांच्या पुस्तकांत मागे मजकूर छापलेला असतो. पाया कच्चा असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवरचे पातळीनुसार लावलेले ऑडिओ आणि बीबीसीचा सिक्स मिनिट इंग्लिश हा कार्यक्रम घ्या, दोन्हींसोबत मजकूर मिळतो. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकायला हरकत नाही, पण उच्चार आपल्या ओळखीचे असल्याने परीक्षेसाठी त्यावर विसंबून राहू नका. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकेतले आवाज येतात.

आता चिरफाड कशी करायची ते. रविवारी पूर्ण पेपर एका बैठकीत, न थांबवता सोडवा. उत्तरं तपासा, पण मजकूर उघडू नका. सोमवारपासून रोज एक भाग घ्या. चुकलेल्या प्रश्नाच्या जागचा १५ ते २० सेकंदांचा तुकडा लावा आणि जे ऐकू येईल ते शब्दशः वहीत लिहा. कळलं नाही तिथे रेघ ओढा. तोच तुकडा पुन्हा, जास्तीत जास्त पाच वेळा. सहाव्यांदाही तेच ऐकू येतं, तेव्हा तिथे थांबा. मग मजकूर उघडा आणि फरक लाल पेनाने भरा. शेवटी मजकूर बघत दोनदा आणि न बघता एकदा ऐका, आणि बोलणाऱ्याच्याच वेगाने तोंडाने म्हणा. जे तोंडाला वळतं ते पुढच्या वेळी कानाला लवकर सापडतं. एका भागाला ४० ते ४५ मिनिटं लागतात. कंटाळा येतो, हे खरं.

उदाहरण घेऊ. प्रश्न आहे: सभा कुठे होईल? रेकॉर्डिंगमधलं वाक्य: ‘वी यूज्ड टू मीट इन द लायब्ररी, बट इट गॉट टू क्राउडेड, सो फ्रॉम नेक्स्ट मंथ इट विल बी द टाउन हॉल.’ पण कानावर पडतं ते असं: ‘वी यूस्टमीटिन्द लायब्री, बटिट गॉट टू क्राउडिड, सो फ्रम नेक्स मन्थ इट्ल बी द टाउनॉल.’ यात लायब्ररी स्पष्ट कळते म्हणून विद्यार्थी ती लिहून मोकळा होतो. पण ‘यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी भेटायचो, आता नाही. परीक्षेत हा डाव वारंवार येतो: आधी एक उत्तर देतात, मग ‘बट’, ‘ॲक्चुअली’, ‘सॉरी, नो’, ‘दॅट वॉज लास्ट इयर’ असं म्हणून दुसरं देतात. हे शब्द कानावर पडले की लिहिलेलं खोडायची तयारी ठेवा.

शब्द एकमेकांना चिकटणं हा मराठी कानाचा सगळ्यात मोठा अडथळा. आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रज एक अक्षर ठासून म्हणतो आणि बाकीची गिळतो. आपल्या ‘कम्फर्टेबल’चं तिकडे ‘कम्फ्टबल’ होतं, ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’. ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’, ‘डिड यू’चं ‘डिजू’. ब्रिटिश माणूस शब्दाच्या शेवटचा आर म्हणत नाही, म्हणून ‘वॉटर’ ‘वॉटा’ ऐकू येतं. अमेरिकन त्याच शब्दातला टी डीसारखा म्हणतो. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ हे तर अर्थच उलटा करतात. वाक्यात ‘कॅन’ जवळजवळ ‘क्न’ होऊन दबतो, नकारातला मात्र ठसठशीत येतो. शेवटचा टी शोधत बसण्यापेक्षा शब्दावर जोर आहे का ते बघा. चिकटलेले शब्द सापडतील तसे वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत, जसे ऐकू आले तसेच, लिहून ठेवा. मास्तर हसले तरी चालेल.

आकडे आणि स्पेलिंग हे पहिल्या भागाचे हमखास मार्क आहेत, आणि त्याचा सराव दोघांनी मिळून फुकटात होतो. ‘थर्टीन’ला जोर शेवटी, ‘थर्टी’ला सुरुवातीला, ‘फिफ्टीन-फिफ्टी’, ‘सिक्स्टीन-सिक्स्टी’ तसंच. फोन नंबरात शून्याला ‘ओ’ म्हणतात आणि आकडे आपल्यासारखे पाच-पाच तोडत नाहीत, तीन-चारच्या गटाने सांगतात. ‘ट्वेल्व्ह फिफ्टी’ म्हणजे १२ पौंड ५० पेन्स, साडेबाराशे नव्हेत. तिकडे लाख नसतो. ‘टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ कानावर पडताच २,५०,००० लिहिता आलं पाहिजे. ‘फोर्टनाइट’ म्हणजे दोन आठवडे.

स्पेलिंगसाठी एकाने गावांची नावं इंग्रजी अक्षरांत भराभर सांगायची, दुसऱ्याने लिहायची: आर्णी, मेहकर, चिखलदरा, धारणी. ए, ई आणि आय यांची गल्लत सगळ्यात जास्त, कारण ऑस्ट्रेलियन ए पुष्कळदा आपल्याला आयसारखा ऐकू येतो. जी-जे, बी-व्ही, एम-एन या जोड्याही घोटून घ्या. ‘डबल टी’ ऐकल्यावर दोन टी लिहायचे, डी-टी नाही. नेहमी चुकणाऱ्या शब्दांची वेगळी यादी ठेवा: अकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम, गव्हर्नमेंट आणि एन्व्हायरन्मेंटमध्ये एमच्या आधी न ऐकू येणारा एन, वेन्सडेमध्ये गिळलेला डी, फेब्रुवारीत पहिला आर. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग चालतात. सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं तरी चालतं आणि त्याने पहिलं अक्षर मोठं की लहान हा घोळ मिटतो.

शब्दमर्यादेत दयामाया नाही. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं लिहिलेलं असताना तीन शब्द लिहिले तर उत्तर गेलं, बरोबर असलं तरी. जागेच्या आधी ‘अ’ हे इंग्रजी उपपद छापलेलं असेल तर एकवचन हवं, ‘मेनी’ किंवा ‘सेव्हरल’ असेल तर अनेकवचन. शेवटचा एस कानाने नेहमीच पकडता येत नाही, म्हणून तो वाक्यावरून ठरवायचा. यासाठी प्रत्येक भागाआधी मिळणारा वेळ वापरा. ते ३०-४० सेकंद पूर्ण प्रश्न वाचण्यात घालवू नका. जागेत काय येणार तेवढं पेन्सिलीने खुणावा: आकडा, नाव, वस्तू की ठिकाण. आणि एका-दोन शब्दांना दुसरं काय म्हणतील ते मनात आणा, कारण प्रश्नात ‘चीप’ असेल तर बोलणारा ‘इट डझन्ट कॉस्ट मच’ म्हणेल.

नकाशाचे प्रश्न दुसऱ्या भागात येतात आणि ते अनेकांना उगाच अवघड वाटतात. अडचण दिशांच्या शब्दांची असते: ‘ऑपोझिट’, ‘जस्ट पास्ट’, ‘ॲट द फार एंड’, ‘ऑन द कॉर्नर ऑफ’. एसटी स्टँडपासून पंचायत समितीपर्यंतचा रस्ता इंग्रजीत सांगा, सोबतच्याने कागदावर काढावा. चार दिवस वेगवेगळे रस्ते घेतले की हे शब्द अंगवळणी पडतात. ऐकताना बोट नकाशावर ठेवा आणि बोलणाऱ्यासोबत सरकवा.

प्रश्न रेकॉर्डिंगच्याच क्रमाने येतात. १४वं उत्तर निसटलं आणि १५व्यातला शब्द कानावर आला, तर १४ सोडून द्या. मागे वळून शोधत बसलेल्याची पुढची दोन-तीन उत्तरं हातची जातात. चौथ्या भागात हे जास्त घडतं, कारण तिथे श्वास घ्यायलाही जागा नसते. तिथे मथळ्यांवर नजर ठेवा. ‘नाऊ लेट्स टर्न टू’, ‘अनदर प्रॉब्लेम इज’ असं ऐकू आलं की पुढच्या मथळ्यावर उडी. मनात मराठीत भाषांतर करायची सवय इथेच नडते: तुम्ही एक वाक्य मराठीत आणेपर्यंत बोलणारा तिसऱ्यावर असतो.

चुकांच्या वहीत चार रकाने करा: ऐकूच आलं नाही, आलं पण लिहिताना चुकलं, फसलो, जागा हरवली. तीन पेपरनंतर कुठला रकाना लांब झालाय ते बघा आणि पुढचे पंधरा दिवस त्यावरच द्या. पहिला रकाना लांब असेल तर तुकडे लिहून काढणं वाढवा, तिसरा असेल तर फक्त ‘बट’ आणि ‘ॲक्चुअली’च्या जागा शोधत मजकूर वाचा.

सबटायटल लावून इंग्रजी सिनेमे पाहणं म्हणजे वाचनाचा सराव. वेग ०.७५ वर नेणं चिरफाडीत एखाद-दुसऱ्या वेळी ठीक, पण त्याची सवय लागली की खरा वेग अंगावर येतो. वावरात जाता-येता, कापूस वेचताना कानात काही लावून ठेवायचं असेल तर जे आधी चिरलंय तेच लावा. नवीन, न कळणारं नुसतं वाजत राहिलं तर कान ते बाहेरच ठेवतो.

कॉम्प्युटरवर परीक्षा दिली तर शेवटी उत्तरं तपासायला २ मिनिटं मिळतात, कागदावर द्यायची सोय असेल आणि तशी दिली तर उत्तरपत्रिकेत उतरवायला १० मिनिटं. कॉम्प्युटरचा पर्याय असेल तर अंगठ्याने टाईप करायची सवय मोडावी लागेल. एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा कोणाच्या लॅपटॉपवर रोज २० मिनिटं कीबोर्ड हाताळा, स्पेलिंग सुधारणारी सोय बंद करून. उन्हाळ्यात परीक्षा असेल तर शेवटचे दोन पेपर कूलर चालू ठेवून सोडवा, थोडा आवाज असला तरी चित्त ठरतं की नाही ते कळतं. चिरफाड मात्र कूलर बंद करूनच, नाहीतर बारीक अक्षरं निसटतात.

शेवटच्या आठवड्यात नवीन पेपर नको, चुकांची वही वाचा. आपल्या विदर्भातल्या बहुतेकांना केंद्र नागपूरला पडतं. सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामी जा. मूळ पासपोर्ट सोबत हवा, झेरॉक्स चालत नाही. हेडफोन लावल्यावर आधी आवाज तपासायला मिळतो. तेव्हाच तो पुरेसा मोठा करून घ्या, आणि एका कानात खरखर असेल तर लगेच हात वर करा. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ते तुमच्यासाठी कोणी मागे नेणार नाही.