उलटी वेलांटी आणि वीस मिनिटं

बावीस वर्षं मी टाइपरायटरच्या मांडणीवर मराठी टंकलेखन केलं. पन्नाशी उलटल्यावर इनस्क्रिप्ट, म्हणजे संगणकावर भारतीय भाषा लिहिण्याची प्रमाणित कळमांडणी, शिकायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा कीबोर्ड ढकलून उठलो. जुन्या मांडणीत 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी मारायची, मग क. हाताने लिहितो तशीच. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. डोक्याला हे पाच मिनिटांत कळलं, बोटांना कळायला चार महिने लागले. धीर हा काही माझा गुण नाही, त्यामुळे त्याशिवाय निभावेल अशी व्यवस्था करावी लागली. तीच इथे सांगतो. गिटार किंवा पोहणं शिकणाऱ्यालाही बरीचशी चालेल.

आधी अंगाकडे बघा. चूक झाली की मी दात आवळतो, खांदे कानाशी नेतो आणि श्वास धरून ठेवतो, हे मला मुलीने दाखवून दिलं. त्यात जुन्या यंत्रावर कळ हाणावी लागायची, नाहीतर अक्षर फिकं उमटायचं. कीबोर्डला तेवढा जोर नको, पण माझी बोटं ठोकतच होती. यावर एक प्रयोग करा. 'पत्र' हा शब्द घ्या, त्याच्या सगळ्या कळा मधल्या ओळीतच आहेत. कळ इतकी हलकी दाबा की अक्षर उमटणारच नाही. मग जरा जरा जोर वाढवत जा आणि अक्षर जेमतेम उमटेल तिथे थांबा. काम तेवढ्यावर भागतं, बाकीची ताकद आपण उगाच खर्चत असतो. गिटारवाल्यांनी तार खरखरेपर्यंत पकड सैल करावी आणि मग सूर साफ येईल इतकीच आवळावी.

वेगाचा नियम एकच. बोट उचलण्याआधी पुढची कळ माहीत असली पाहिजे. त्यासाठी मला मिनिटाला आठ-दहा शब्दांवर उतरावं लागलं. लाज वाटली, पण घरात बघायला होतं कोण?

वेळ वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी, गजर लावून. गजर वाजला की हात ऐन रंगात आला असला तरी उठायचं. एवढ्याने काय होणार, असं मलाही वाटायचं. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना वेगवेगळी वेळापत्रकं तपासली होती. १९७८ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत रोज एकच तास बसणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले, दोन-दोन तासांच्या दोन बैठका मारणाऱ्यांना पुष्कळ जास्त. गंमत म्हणजे वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते ते हे एक तासवालेच, कारण दिवस मोजले तर ते मागे दिसत होते. तेव्हा वेळापत्रक ठरवताना स्वतःच्या मनाला फार विचारू नका.

चुकलेला शब्द तिथल्या तिथे पन्नास वेळा घोटू नका. वहीत टिपा आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं त्या यादीला द्या. माझ्या यादीत 'किती', 'दिवस', 'स्थिती' हेच मुक्कामाला. दोनदा लिहिला की मध्ये दुसरा शब्द घ्या, मग परत पहिल्याकडे या. असं केल्याने त्या दिवशी चुका वाढतात, पण आठवडाभराने बघाल तर शब्द हातात टिकलेला असतो.

वेग रोज मोजू नका. रविवारी एकदा, तोच परिच्छेद घेऊन. माझा आकडा सहाव्या आठवड्यापासून नवव्यापर्यंत जागचा हलला नाही आणि मी जुन्या मांडणीकडे परत निघालोच होतो. ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी तारयंत्र शिकणाऱ्यांचे आलेख १८९७ सालीच काढून ठेवलेत. त्यात आलेली तार ऐकून उतरवण्याचा वेग आठवडेच्या आठवडे सपाट राहतो आणि मग पुन्हा चढतो. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं.

तातडीच्या कामाला नवी मांडणी लावू नका. मी लावली, काम लटकलं आणि राग निघाला तो इनस्क्रिप्टवर. पहिले दोन महिने काम जुन्यावर, सराव नव्यावर. जुनं एका झटक्यात सोडा असं सांगणारेही आहेत, त्यांच्या डोक्यावर मुदती नसाव्यात.

खंड पडला तर भरपाई करायला बसू नका. दहाच मिनिटं द्या आणि 'पत्र'पासून सुरुवात करा.

'विद्यार्थी' मात्र अगदी शेवटी घ्या. त्यात वेलांटीही उलटी आणि रफारही. जुन्या मांडणीत रफार अक्षरानंतर मारायचा, इथे र आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी कळ) आधी, मग थ. अजूनही तो शब्द समोर आला की मी खांदे खाली सोडतो, एक श्वास घेतो आणि मगच 'व' दाबतो.