मणक्यातले इंजेक्शन: आधीची तयारी आणि नंतरचे पंधरा दिवस

मणक्यांमधली गादी सरकून नस दबली की कळ कंबरेतून मांडीमागून पोटरीत, कधी पार पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. अशा वेळी नसेच्या मुळाशी स्टिरॉइड सोडतात. त्याने गादी जागेवर जात नाही. नसेभोवतीची सूज उतरते आणि हालचालीला थोडी मोकळीक मिळते. पायात उतरणाऱ्या कळेला याचा गुण जास्त येतो, नुसत्या कंबरदुखीला कमी.

तयारीत सर्वांत महत्त्वाच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफरिन साधारण ५ दिवस आणि क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, कारण कण्याच्या पोकळीत रक्त साकळले तर नसांवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. पण हृदयात स्टेंट असेल तर गोळी बंद करणेही तितकेच धोक्याचे. म्हणून ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. ताप, कुठलाही जंतुसंसर्ग, डायची (एक्स-रेत उठून दिसणाऱ्या द्रवाची) किंवा भुलीच्या औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपणाची शक्यता, हे सारे आधीच सांगा.

इंजेक्शनच्या वेळी बहुधा पालथे झोपवतात आणि पोटाखाली उशी देतात. त्वचा बधिर करून सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत सुई पुढे नेतात, डाय सोडून जागेची खात्री करतात आणि मगच औषध देतात. त्या क्षणी नेहमीचीच कळ पायात उठू शकते. तोंडाने सांगा, अंग हलवू नका.

स्टिरॉइडसोबत बहुधा भुलीचे औषधही सोडतात, त्यामुळे पुढचे काही तास पाय बधिर किंवा जड वाटतो. आधाराशिवाय जिना उतरू नका आणि २४ तास गाडी चालवू नका. पहिले ६ तास दर तासाला पायाची कळ ० ते १० मध्ये मोजून लिहून ठेवा. या तासांत कळ जवळजवळ गेली, तर दुखणारी नस हीच असा मोठा दुवा डॉक्टरांना मिळतो. ही नोंद फार कमी लोक ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

भूल उतरली की दुखणे परत येते, एखाद-दोन दिवस वाढतेही. इंजेक्शन वाया गेले असे तेव्हा समजू नका. स्टिरॉइडचा गुण यायला २ ते ७ दिवस, कधी दोन आठवडे लागतात. सुईच्या जागी दुखले तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे धरा. चेहरा लाल होणे, रात्री झोप न लागणे हे औषधामुळे होते आणि आपोआप ओसरते. मधुमेह असेल तर शुगर काही दिवस चढी राहते. ती रोज तपासा, आणि किती चढली तर काय करायचे हे आधीच विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून दहा-दहा मिनिटे, दिवसातून तीनदा चाला. नुसते पडून राहिल्याने पाठीचे स्नायू आणखी आखडतात. वाकून ओझे उचलणे आठवडाभर टाळा. बरेच जण चौथ्या-पाचव्या दिवशी कळ थांबताच जड सामान उचलतात आणि तिथेच घात होतो, कारण गादी अजून तशीच आहे. साधारण आठवड्यानंतर फिजिओथेरपी सुरू करा आणि कळ थांबली तरी ती सोडू नका.

बसले की वाढणारी आणि आडवे झाले की थांबणारी डोकेदुखी डॉक्टरांना कळवा. ताप, पायातली ताकद कमी होत जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत बधिरपणा, यांतले एक जरी दिसले तरी सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.