अगत्ती ते पोर्ट ब्लेअर : विमानाच्या वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरचे एक निवृत्त काका हिशेबाचा कागद घेऊनच आमच्या बुकिंगच्या टेबलाशी आले. २२४० किलोमीटर भागिले ताशी ८००, उत्तर २ तास ४८ मिनिटं. "अगत्तीहून सकाळी निघायचं, जेवायला पोर्ट ब्लेअरला. लक्षद्वीप-अंदमान एकाच दमात!" भागाकार चोख होता. असं विमान मात्र नाही.

आधी आकड्यांचं बघू. दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण २२४० किलोमीटर. कुठे १३९० दिसलं तर ते मैल, १२१० दिसलं तर सागरी मैल. स्वतः अक्षांश टाकत असाल तर १० अंश ४९ मिनिटं म्हणजे १०.४९ नव्हे, १०.८२. ही चूक केलीत की अगत्ती छत्तीसेक किलोमीटर दक्षिणेला, भर समुद्रात जातं. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावरची सरळ रेघ फसवते हे खरं, पण विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पूर्व-पश्चिम जाताना फरक किलोमीटरभराचाही पडत नाही. त्यावर डोकं शिणवू नका.

खरी गोम धावपट्टीत आहे. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर. तिथे एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमान उतरतं, आणि प्रवासी भरलेलं एटीआर एका दमात २२४० किलोमीटर जात नाही. जे जेट तेवढं जाऊ शकतं, ते अगत्तीला उतरू शकत नाही. म्हणून कोची, मग चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर.

आता गंमत बघा. अगत्ती-कोची सुमारे ४६५, कोची-चेन्नई ५२०, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७०. बेरीज २३५५. म्हणजे वळसा फक्त सव्वाशे किलोमीटरच्या आतला! हवेतला वेळ पाचेक तास. तरीही मी कोचीत किंवा चेन्नईत एक मुक्काम धरतोच.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका जोडप्याला मी वेगवेगळ्या दोन तिकिटांवर कोचीत ५५ मिनिटांचं अंतर ठेवून दिलं होतं. अगत्तीचं विमान उशिरा सुटलं. बॅगा पट्ट्यावरून घेऊन पुन्हा काउंटरवर द्यायच्या होत्या, तोवर काउंटर बंद. पुढचं तिकीट वाया गेलं आणि रात्री फोन मला! दोन तिकिटांचे पीएनआर वेगळे असतील तर दुसऱ्या विमानाला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं.

नावाचाही घोळ होतो. २०२४ पासून पोर्ट ब्लेअर शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, विमानतळाचा कोड मात्र आयएक्सझेडच आहे. विमानतळाला नाव वीर सावरकरांचं, म्हणजे आपल्या भगूरचंच माणूस. आणि मुंबईहून निघणार असाल तर प्रवासाचा वेळ नाशिकच्या द्वारका सर्कलपासून मोजा, कसारा घाट धरून.

काकांनी शेवटी कोचीतला मुक्काम मान्य केला. मग विचारलं, "तिकडे घड्याळ तर आपलंच ना?" घड्याळ तेच हो, पण सूर्य वेगळा. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशात साडेवीस अंशांचा फरक, म्हणजे उजेडात ८२ मिनिटांचा. अगत्तीला सव्वासहापर्यंत किनाऱ्यावर रमलेला माणूस डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला त्याच हिशेबाने निघाला, तर पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. काकांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवं वेळापत्रक मांडायला घेतलं.