मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय? मग या चुका टाळा

एम.एस्सी. फिजिक्सनंतर प्राध्यापकी की स्पर्धा परीक्षा, या त्रांगड्यात अडकलेल्या मुलांना हल्ली हॉस्पिटलमधली ही वाट दिसू लागली आहे. वाट चांगली आहे, पण बऱ्याच जणांचं घोडं सुरुवातीलाच कागदपत्रांत अडतं.

माहितीपत्रक बघून प्रवेश घेऊ नका. रेडिओथेरपी विभागात, म्हणजे कॅन्सरवर किरणोत्सर्गाने उपचार होतात तिथे, फिजिसिस्ट म्हणून काम करायची पात्रता ठरवतं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. फिजिक्सच्या एम.एस्सी.वर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, किंवा बी.एस्सी. फिजिक्सनंतर मेडिकल फिजिक्समधली एम.एस्सी., असे दोन मुख्य रस्ते. मुंबईत बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) डिप्लोमा 1962 पासून चालू आहे. दोन्ही रस्त्यांवर 12 महिन्यांची इंटर्नशिप लागते आणि मुलं नेमकी तिथेच रखडतात. फी भरण्याआधी विचारा: इंटर्नशिप कुठे, आणि ती जागा कोण मिळवून देणार? ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं तर सरळ दुसरं कॉलेज शोधा.

आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परीक्षा पास झालो की झालं, हाही एक गैरसमज. नेमणुकीसाठी हॉस्पिटलला एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर तुमचं नाव पाठवून मंजुरी घ्यावी लागते. नोकरी बदलली की नव्या ठिकाणी हे पुन्हा करायचं.

आता खरी चूक. नोकरी लागली की पोरं उपचाराच्या प्लॅनिंगच्या संगणकाला चिकटतात. रंगीत डोस वितरण (शरीरात कुठे किती किरणं जाणार त्याचं चित्र) दिसायला छान असतं, डॉक्टरही कौतुक करतात. पण लिनॅकमधून, म्हणजे किरणं सोडणाऱ्या मशीनमधून, प्रत्यक्ष किती डोस येतो हे मोजायला आयन चेंबर हे उपकरण हातात घ्यावा लागतो, आणि तिथे किती बारीकसारीक गोष्टी नडतात ते केल्याशिवाय कळत नाही.

हवेचा दाबच घ्या. चेंबर हवेशी खुला असतो, म्हणून आलेल्या रीडिंगला तापमान आणि दाबाची दुरुस्ती लावतात. बॅरोमीटर बिघडलेला असतो, मग कुणीतरी मोबाईलमधल्या हवामान अ‍ॅपवरून 1010 हेक्टोपास्कल उचलतो. मुंबईत हे खपून जातं. पुण्यात नाही, कारण अ‍ॅप समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं आणि पुणं साधारण 560 मीटर उंचीवर आहे. तिथला खरा दाब 950च्या आसपास असतो. म्हणजे मोजलेला डोस सुमारे 6 टक्क्यांनी कमी दिसणार. मग तुम्ही मशीनचं आउटपुट ‘दुरुस्त’ करून वाढवणार आणि पेशंटला तेवढा डोस जास्त जाणार. रोजच्या तपासणीत 3 टक्के फरकाला हरकत घेणाऱ्यांनी हे करावं? तापमानही एसीच्या डिस्प्लेवरचं नको, फँटममधल्या, म्हणजे मोजमापाच्या टाकीतल्या पाण्याचं घ्या. तीन अंशांची चूक म्हणजे एक टक्का गेला.

आउटपुट अचानक सरकलेलं दिसलं तर लगेच मशीनला हात लावू नका. आधी दाब, तापमान, अंतर, फील्ड साइझ (किरणांच्या झोताचा आकार), चेंबरला जोडलेल्या इलेक्ट्रोमीटरचं व्होल्टेज बघा. मग जमल्यास दुसऱ्या चेंबरने मोजा. बहुतेक वेळा चोर यातच सापडतो.

‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात’ हे वाक्य कुणी म्हणालं तर कान टवकारा. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला 1982 मध्ये नवी प्लॅनिंग प्रणाली आली. ती अंतराची दुरुस्ती स्वतःच करत होती, तरी जुन्या सवयीने हातानेही तीच दुरुस्ती लावली जात राहिली. 1991 पर्यंत हजारभर पेशंटना कमी डोस गेला. गुणाकार चुकला नव्हता, तो दोनदा केला होता. म्हणून प्लॅनचा हिशेब दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्या आणि बीएआरसीच्या पोस्टल टीएलडी ऑडिटला (टपालाने डोसमापक पाठवून होणाऱ्या तपासणीला) कटकट समजू नका.

तुमच्या अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा टीएलडी बॅज छातीवर लावा, ड्रॉवरमध्ये नको. आणि रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच आधीच्या फिजिसिस्टची क्यूए (मशीनच्या गुणवत्ता तपासणीची) वही, चेंबरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि त्यावरची तारीख मागून घ्या. वही मिळालीच नाही तर तसं लेखी कळवा आणि जुन्या आकड्यांवर भरवसा न ठेवता सगळी मोजमापं नव्याने घ्या.